पंगतीतलं वाकडं तोंड

आमच्या घरी आलेला पाहुणा दार ओलांडून गेला तरी खरा जायचा नाही. तो गल्लीचं वळण घेतो न घेतो तोच बाबा उठायचे, खांदे त्याच्यासारखे पाडायचे, गळा खाकरायचे, आणि तो पाहुणा पुन्हा आमच्यात येऊन बसायचा. हुबेहूब. आम्ही दोघी बहिणी चटईवर लोळून हसायचो, पोट दुखेपर्यंत. आई मात्र हसायची नाही. ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, पायऱ्या उतरतायत अजून ते. ऐकू जाईल!" कधीकधी ऐकू जायचंही. एकदा एक गुरुजी विसरलेली छत्री न्यायला परत आले आणि दारात स्वतःलाच बोलताना ऐकून थिजले. त्यानंतर ते आमच्याकडे कधी जेवायला आले नाहीत.

बाबा स्टेशनवर अनाउन्सर होते. गाड्या येतात, जातात, उशिरा धावतात हे सगळ्या जगाला सांगणारा तो आवाज आमच्या घरचा होता, याचा मला आणि ताईला भारी तोरा. आम्ही राहायचो काशीत, मंगला गौरीच्या देवळापासून पंचगंगा घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. सकाळी देवळातली घंटा, खाली लल्लनभैयाच्या दुकानात दूध आटवताना कढईवर घासणारा झारा, आणि त्यावर बाबांची कुठलीतरी नक्कल, अशी आमची पहाट व्हायची. आमची मराठी घरातल्या घरात वाढलेली. "आई, बत्ती गुल झाली, जरा टॉर्च दे ना, जल्दी," हे आमच्या मते शुद्ध मराठी होतं. जेवणाचंही तसंच. सकाळी खालून कचौडी-जिलेबी यायची, दुपारी आमटी-भात, आणि थंडीत मटारच्या निमोन्यात, म्हणजे वाटलेल्या मटारच्या रश्शात, आई गोडा मसाला घालायची. त्याचा वास जिन्यात घुमला, की वरच्या मजल्यावरच्या मिश्राइन काकी वाटी घेऊन खाली उतरायच्या.

बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या दिलेल्या होत्या. त्यांनी थोडे दिवस घेतल्या आणि सोडून दिल्या. "डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कुणासाठी खाऊ? डॉक्टरला बरं वाटावं म्हणून?" असं ते डॉक्टरांच्याच आवाजात विचारायचे, आणि आम्ही हसायचो. ताईला बघायला पाहुणे येणार होते त्याच आठवड्यात एका सकाळी त्यांच्या हातातला कप निसटला. ते काहीतरी बोलले, पण जीभ जड, तोंडात गरम बटाटा असल्यासारखी. आम्ही बघेपर्यंत सगळं ठीक झालं. हात हलला, जीभ सुटली. "झोप पुरी नाही झाली," म्हणाले, आणि लगेच स्वतःच्या त्या बोबड्या बोलण्याची नक्कल करून दाखवली. आज मला कळतं की ती धोक्याची सूचना होती, आणि त्याच सकाळी दवाखाना गाठायला हवा होता. काही मिनिटांत आपोआप बरं झालं म्हणजे संकट टळलं, असं तेव्हा आम्हा सगळ्यांनाच वाटलं. ते टळलं नव्हतं, नुसतं बाहेर उभं होतं.

आता पाहुण्यांचं. मुलगा इंदूरचा, नाव अनिरुद्ध, उंच, अबोल, कान जरा पुढे आलेले. बरोबर त्याची आई आणि मामा. मामा म्हणजे त्या घरातलं मोठं प्रस्थ. गालात कायम सुपारी, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं तोंडाच्या एका कोपऱ्यातून यायचं आणि दुसरा कोपरा खाली ओघळलेला राहायचा. ते जिन्यात बोलले मात्र, आईने बाबांकडे पाहिलं. बाबांच्या डोळ्यांत ती जुनी चमक आलीच होती. आईने त्यांना स्वयंपाकघरात ओढलं आणि मंगला गौरीची शपथ घातली. "हे लोक इंदूरला पोचेपर्यंत तुम्ही तोंड वाकडं करायचं नाही. समजलं?" बाबांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. मी तिथेच पुऱ्या लाटत होते, म्हणून मला माहीत.

पंगत बसली. अनिरुद्धने नवाच घेतलेला कॅमेऱ्याचा फोन काढून पंगतीचा फोटो घेतला, त्यात बाबा छान हसतायत. आई वाढत होती, आणि ताईही. ताईला सक्त ताकीद होती की मान वर करायची नाही, आवाज चढवायचा नाही. ताईचा आवाज म्हणजे बाबांचाच, त्याला माईक लागायचा नाही. बिचारी श्रीखंडाचं भांडं घेऊन मान खाली घालून फिरत होती. तिला माणसं दिसत नव्हती, नुसती ताटं आणि हात दिसत होते.

मामांनी त्यांच्या बदल्यांची गोष्ट सुरू केली. रतलाम, उज्जैन, खांडवा. आणि कुठेतरी खांडव्याच्या आसपास मी पाहिलं, बाबांचं तोंड उजव्या बाजूला खाली ओघळलेलं. अगदी मामांसारखं. मला हसू आवरेना. मी पदराचा बोळा, म्हणजे खरं तर ओढणीचा, तोंडात कोंबला. मामा बोलता बोलता थांबले. त्यांनाही ते दिसलं होतं. बाबांनी काहीतरी म्हटलं, तेही मामांसारखंच, अर्धवट, एका कोपऱ्यातून. आईचा चेहरा लालबुंद. ती भाताचं पातेलं घेऊन बाबांच्या पुढून गेली आणि त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर आपली टाच चांगली दाबली. आईची टाच आमच्या घरात प्रसिद्ध होती. बाबा हूं की चूं करेनात.

"आमच्या तोंडाची फार गंमत वाटते वाटतं तुम्हाला?" मामा म्हणाले. ताट पुढे सरकवून ते उठायच्या बेतात होते.

"नाही हो, तसं नाही..." आई म्हणाली.

तेवढ्यात भांडं आदळल्याचा आवाज झाला. श्रीखंडाचं भांडं जमिनीवर, आणि ताई बाबांसमोर गुडघ्यांवर. तिला बाबांचा हात दिसला होता. उजवा हात गरम आमटीच्या वाटीत पडलेला, बोटं बुडालेली, आणि हलत नव्हता.

"बाबा, हसा," ताई म्हणाली.

"अगं, आता हसायला काय सांगतेस!" आई ओरडली.

"आई, तू गप्प. बाबा, हसा बघू." बाबा हसले. अर्धेच. "दोन्ही हात वर करा." डावा वर गेला. उजवा थोडा उचलला गेला आणि झाडावरून फांदी गळावी तसा मांडीवर पडला. "म्हणा, मी काशीत राहतो." बाबांच्या तोंडून जे आलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. त्यांचे डोळे मात्र ताईवर खिळले होते, आणि त्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच भीती पाहिली. माझं हसू तिथल्या तिथे विझलं.

ताईची मैत्रीण सबीहा. तिच्या अब्बूंना असंच झालं होतं. घरच्यांनी दिवसभर तेल चोळलं, नजर उतरवली, आणि दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात नेलं. तोवर वेळ निघून गेली होती. सबीहाने रडत रडत ताईला सगळं सांगितलं होतं, डॉक्टर काय म्हणाले ते, काय बघायचं ते. ताईने ते ऐकून सोडून दिलं नव्हतं.

"लकवा आहे. आत्ताच्या आत्ता न्यायचं," ती म्हणाली. आवाज ऐकून लल्लनभैया पाण्याचा लोटा घेऊन वर धावत आला होता, तो बाबांच्या तोंडाला लावू लागला. ताईने लोटा हिसकावला. "भैया, कुछ नहीं पिलाना! गले में अटक जाएगा." मग ती वळली, आणि ज्या मुलाकडे तिने अजून डोळे वर करून पाहिलंही नव्हतं, त्याला म्हणाली, "तुम्ही बघत काय बसलात? पाय धरा!"

माझ्या बहिणीचं तिच्या होणाऱ्या नवऱ्याशी झालेलं हे पहिलं बोलणं.

आमच्या गल्लीत गाडी सोडा, धड रिक्षाही येत नाही. मोठ्या रस्त्यापर्यंत उचलूनच न्यायला हवं. लल्लनभैयाने दुकानातली खाट आणली. बाबांना तिच्यावर एका कुशीवर निजवलं, आईने थंडी वाजू नये म्हणून त्यांच्यावर पांढरी चादर घातली, आणि चौघांनी खाट खांद्यावर घेतली. लल्लनभैया, त्याचा भाऊ, अनिरुद्ध आणि वरच्या मजल्यावरचे मिश्राजी. वाराणसीच्या गल्लीत चार माणसं, खांद्यावर खाट, वर पांढरी चादर! लोक काय समजणार? पानवाल्याने हात जोडले. दुकानदार उठून उभे राहिले. एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "राम नाम सत्य है!" मागच्या दोघांनी त्याला साथ दिली.

"ज़िंदा हैं!" आई किंचाळली. नेसलेली पैठणी गुडघ्यापर्यंत खोचून ती खाटेमागे पळत होती. "अहो, ज़िंदा हैं वो! हटो!" आणि चादरीखालून बाबांचा डावा हात बाहेर आला आणि त्या म्हाताऱ्याच्या दिशेने हलला. म्हातारा भिंतीला चिकटला. मग साऱ्या गल्लीनेच आईचे शब्द उचलले. "ज़िंदा हैं भैया, रास्ता दो! ज़िंदा हैं!" दुकानादुकानातून ती आरोळी आमच्या पुढे पळत गेली. सगळ्यात पुढे कोण, तर मामा. दोन मिनिटांपूर्वी अपमान झाला म्हणून उठलेले मामा, हातातली काठी परजत, गाई-माणसांना बाजूला सारत, इंदुरी थाटात ओरडत होते, "ऐ भिया, जगह दो! पेशंट है!" मी रडत होते आणि हसत होते, आणि कुठलं कधी करते आहे ते मला कळत नव्हतं. खाटेवर बाबांचे खांदे हलत होते. मला वाटलं झटका आला. जवळ जाऊन पाहिलं तर ते हसत होते, अर्ध्या तोंडाने.

हॉस्पिटलातल्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आख़िरी बार बिलकुल ठीक कब थे?" आम्ही सगळे एकदम बोलू लागलो. आई म्हणाली आमटी वाढली तेव्हा. मी म्हणाले पुऱ्यांच्या वेळी. मामा म्हणाले, "मैं रतलाम में था तब तक एकदम ठीक थे." डॉक्टर बाई बघतच राहिल्या. तेव्हा अनिरुद्धने न बोलता फोन पुढे केला. पंगतीचा फोटो. बाबा सरळ तोंडाने हसतायत, आणि फोटोवर वेळ. डॉक्टर बाईंनी तो निरखून पाहिला. "बहुत अच्छा. समय पर लाए हैं." मग डोक्याचा स्कॅन झाला, कारण आत रक्तस्राव झाला असता तर ते औषध घातक ठरलं असतं. रक्तस्राव नव्हता, रक्ताची गाठ अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन सुरू झालं. ते ठरावीक तासांच्या आतच देता येतं, आणि आम्ही त्या तासांच्या आत होतो.

बाहेर बाकावर आई मामांना म्हणाली, "तुमचं जेवण अर्धंच राहिलं." मामा म्हणाले, "वहिनी, मी रागावलो होतो हो. माफ करा." आणि दोघेही रडू लागले. पलीकडे ताई उभी, साडीवर श्रीखंड वाळलेलं, आणि अनिरुद्ध तिला चहाचा कुल्हड देत होता. तो काय म्हणाला ते मी कान लावून ऐकलं. तो म्हणाला, "साखर कमी आहे." एवढंच. पण ताईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं लग्न तिथेच ठरलं. इंदूरला पोचल्यावर मामांनी रीतसर फोन केला. मुलगी पसंत आहे, फक्त ती रोज एवढ्या जोरात बोलते का, ते कळवावं. ताईने माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच कळवलं, "हो."

बाबांचा पाय लवकर सुधारला. हात हळूहळू. पण शब्द येईनात. त्यांना सगळं समजायचं, सांगायचंही असायचं, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडायचं. गोळीला ते जिलेबी म्हणायचे. आईला इंजिन. मिश्राजींना त्यांनी सगळ्यांसमोर "लोटा" म्हटलं, आणि मिश्राजी मोठ्या मनाने म्हणाले, "जो कहिए." आणि गंमत बघा, पाणी हा शब्द ज्यांना जमत नव्हता, ते एका दुपारी अचानक उठून बसले आणि खणखणीत म्हणाले, "यात्रीगण कृपया ध्यान दें!" आम्ही सगळे धावलो. पुढचं काही येईना. त्यांनी रिकाम्या भांड्याकडे बोट दाखवलं. यात्रीगणांनी पाणी आणून दिलं. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं की जे हजारदा घोकलेलं असतं, गाणी, आरत्या, अशा घोषणा, ते मेंदूत वेगळ्या वाटेने जपलेलं राहतं. ते येतंय म्हणजे उमेद आहे. सराव सोडायचा नाही.

पण बाबांनी सोडला. एका दिवशी त्यांनी आरशासमोर तोंड पाहिलं, कुणाची तरी नक्कल करून पाहिली असावी, आणि भिंतीकडे तोंड करून निजले. बाई आल्या, गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. ज्या घरात कायम पाच-सहा माणसांचे आवाज असायचे, तिथे घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. मला ती सहन होईना, मी खाली लल्लनभैयाच्या दुकानात जाऊन बसायचे.

तिसऱ्या दिवशी वर आले तर आई बाबांच्या पलंगासमोर उभी. गालात सुपारी, हातात लाटणं काठीसारखं धरलेलं. ती म्हणत होती, "मी रतलामला होतो तेव्हा..." आईने आयुष्यात कधी कुणाची नक्कल केली नव्हती, आणि तिला ती अजिबात येत नव्हती. मामा तिच्या तोंडून आल्यावर आजारी मांजरासारखे वाटत होते. बाबा भिंतीकडे बघत होते. आई हटली नाही. "मी उज्जैनला होतो तेव्हा..." बाबांचा खांदा हलला. त्यांना ते सोसवत नव्हतं. शेवटी ते वळले, कपाळाला हात लावला, आणि म्हणाले, "नाही." स्वच्छ. मग कष्टाने तोंडाचा डावा कोपरा खाली खेचला, उजवा थरथरत वर उचलला, आणि आईला दाखवलं की सुपारी कुठल्या गालात असते.

आई बघत राहिली. मग ती हसली. इतक्या वर्षांत माझ्यासमोर पहिल्यांदा, खो खो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पलंगाची पट्टी धरून. तेव्हापासून रोज संध्याकाळी आईच्या नकलांचा कार्यक्रम असायचा. ती बिघडवायची, बाबा दुरुस्त करायचे. बोलणं शिकवणाऱ्या बाई एकदा दारात उभं राहून सगळं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मेरी फ़ीस आधी कर दीजिए."

गोळ्या आता आई स्वतः समोर उभी राहून द्यायची. कचौडी बंद, पानातली तंबाखू बंद, मीठ एवढंसं. बाबा जेवताना आमटीकडे असे बघायचे जणू ती त्यांची कुणीच लागत नाही. आता मीही तशीच आमटी खाते. माझं वय बाबांच्या तेव्हाच्या वयाकडे सरकतंय, रक्तदाब त्यांच्याकडूनच आलाय, आणि मला रोज वाटतं की आज काही होत नाही, आज नको गोळी. मग घेते. बाबा आता सत्तरी ओलांडून पलंगावर बसून मला हे लिहिताना बघतायत आणि "माझं नाक नीट लिही" म्हणतायत.

आता थंडीतल्या एका सकाळी काय झालं ते. ताईच्या लग्नाची तयारी चालू होती, घरभर साड्या पसरलेल्या. आईने हाक मारली तर बाबा पलंगावर नव्हते. जिन्यात नव्हते. खाली लल्लनभैयाकडे नव्हते. एकट्याने पायऱ्या उतरायची त्यांना मनाई होती, आणि पंचगंगेच्या पायऱ्या म्हणजे उभा कडाच. आम्ही तिघी धावलो. घाटावर पोचलो तर धुकं, पांढरे पक्षी पाण्यावर कलकलाट करतायत, आणि बाबा कुठेच नाहीत. आई पाण्याच्या काठाशी गेली आणि तिथे तिचे पाय थांबले. मी तिचा हात धरला, तो बर्फासारखा गार होता.

मग एक नावाडी म्हणाला, "बाबूजी? ऊ तो ओह पार गए हैं. नहाए."

पलीकडच्या वाळूत! थोड्या वेळाने धुक्यातून होडी दिसू लागली. तिच्यात बाबा, डोकं ओलं, अंगावर उपरणं, दोन अनोळखी यात्रेकरूंच्या मधोमध, आणि ते दोघे हसून हसून होडी हलवतायत. बाबा त्यांना कुणीतरी करून दाखवत होते. आईच्या तोंडाला एकदम वाचा फुटली. लाज नाही, जीव काढलात, पाय घसरला असता तर, मुलीचं लग्न तोंडावर, मराठी, हिंदी, जे येईल त्यात. घाटावरचे पंडे छत्र्यांखालून उठून उभे राहिले. होडी लागली. बाबा नावाड्याचा हात न घेता उतरले, घोटाभर पाण्यात, उजवा पाय जरा फरफटत, पहिल्या पायरीवर आले, आणि म्हणाले,

"अगं, ओरडू नकोस, लोक बघतायत."

पूर्ण वाक्य. सगळे शब्द जागच्या जागी. ताईने माझं मनगट इतकं घट्ट आवळलं की बांगडी फुटली.

आईने पदर खोचला, एक पायरी खाली उतरली, आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली, "बघू देत!"